आठातले दोन गेले कुठे?

जुलै लागला की जत तालुक्यातल्या सेवा केंद्रांवर खरीप पीक विम्याच्या अर्जांची झुंबड उडते. उमदी, संख, माडग्याळ, बिळूर अशा गावांतले शेतकरी सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन रांगेत उभे असतात, मुदत महिनाअखेरची असते आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप हँग व्हायला लागतो. ब्राउझरचे आठ-दहा टॅब, अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर, स्कॅनर, प्रिंटर एवढं एकदम उघडलं की स्क्रीन जागच्या जागी थांबते. वैतागलेला केंद्रचालक सेटिंगमध्ये जाऊन बघतो, तर तिथे लिहिलेलं असतं: इन्स्टॉल्ड रॅम 8.00 जीबी, आणि पुढे कंसात 5.92 जीबी युजेबल. "आठची टाकलीय म्हणून पैसं घेतलं, हितं तर सहा बी न्हाईत," असं म्हणत तो लॅपटॉप उचलतो आणि ज्याच्याकडून घेतला त्याच्या दुकानात जाऊन उभा राहतो.

हा संशय दोघांनाही महागात पडतो. प्रामाणिक दुकानदाराचं नाव विनाकारण खराब होतं. आणि जिथे खरोखरच रॅमची स्टिक काढून घेतलेली असते तिथे, "कंपनी तेवढी कमीच देते" या उत्तरावर गिऱ्हाइकाची बोळवण होते. दोन्ही टाळता येतं, कारण पडद्यावरचा कमी आकडा नीट वाचला तर घट कशामुळे झाली हे बरंचसं त्या आकड्यातच सापडतं.

रॅमच्या स्टिक 2, 4, 8, 16, 32 अशा ठरावीक मापांत येतात. म्हणून 8 च्या जागी इन्स्टॉल्डचा आकडाच 4 दिसत असेल, किंवा 16 च्या जागी 8 वा 12 दिसत असेल, तर एक अख्खी स्टिक यंत्राला दिसत नाही असं समजावं. ती काढलेली असेल, निखळलेली असेल किंवा बिघडलेली असेल, पण वजा झालंय ते पूर्ण माप. याउलट इन्स्टॉल्ड 8 आहे आणि वापरण्याजोगी मात्र 5.92, 7.4, किंवा 16 पैकी 13.9 असा अपूर्णांक दिसतोय, तर स्टिक जागेवर आणि शाबूत आहे. तिच्यातला काही भाग यंत्रातल्याच कोणीतरी राखून ठेवला आहे. एका स्टिकमधून दोन जीबी कापून नेण्याची करामत कुठल्याही दुकानदाराला जमणारी नाही.

हे दोन आकडे येतात कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. स्टिकवर मोठ्या काळ्या चिपच्या शेजारी एक अगदी बारकी चिप असते. ती स्टिक किती क्षमतेची, किती वेगाची, कुठल्या पिढीची, हे त्या बारक्या चिपमध्ये कारखान्यातच लिहून ठेवलेलं असतं. आपण पॉवरचं बटण दाबल्यावर विंडोज जागं होण्याआधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, प्रत्येक स्लॉटमधली ही नोंद वाचतो, रॅमशी बोलणं जमतंय का ते तपासतो आणि दोन याद्या तयार करतो. एका यादीत कुठल्या स्लॉटमध्ये किती क्षमतेची स्टिक बसली आहे याची नोंद असते. दुसरीत मेमरीतले कुठून कुठपर्यंतचे पत्ते विंडोजने वापरायचे आणि कुठल्यांना हात लावायचा नाही, ते असतं. इन्स्टॉल्डचा आकडा पहिल्या यादीवरून येतो आणि युजेबलचा दुसरीवरून. विंडोज विस्टा आलं तेव्हा ते फक्त वापरण्याजोगा आकडा दाखवायचं. 2008 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ते बसवलेली मेमरी दाखवायला लागलं, आणि विंडोज 7 ने दोन्ही आकडे एका ओळीत आणले. आज ज्या ओळीवरून भांडणं होतात ती ओळ अशी जन्माला आली.

म्हैसाळला कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने चढत जतच्या दुष्काळी पट्ट्याकडे येतं. टेलच्या शिवारात पाणी कमी आलं तर कुठल्या टप्प्यापर्यंत ते पुरेसं होतं आणि कुठून पुढे कमी झालं, हे आधी बघावं लागतं. रॅमचा शोधही तसाच घ्यावा. बिलावरचा आकडा, बायोसमधला आकडा, विंडोजमधला इन्स्टॉल्डचा आकडा आणि युजेबलचा आकडा, असे चार आकडे कागदावर एकाखाली एक लिहावेत. बायोसमध्येच कमी दिसत असेल तर दोष स्टिकचा, स्लॉटचा किंवा न जुळण्याचा. विंडोज पुन्हा टाकून काही उपयोग नाही. बायोसमध्ये पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी असेल तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची गरज नाही. फॉरमॅट मारल्याने रॅम वाढेल या आशेवर कित्येक लॅपटॉप फॉरमॅट होतात आणि त्यात लग्नाचे फोटो, शाळेचे निकाल, अर्जांच्या पावत्या कायमच्या जातात. चार आकडे लिहायला पाच मिनिटं लागत नाहीत.

बायोसमध्ये शिरण्यासाठी लॅपटॉप सुरू होताहोता एक ठरावीक बटण दाबत राहावं लागतं. डेल, एसर, आसुस यांत ते बहुधा एफ-2 असतं, एचपीमध्ये एफ-10, लेनोव्होत एफ-1 किंवा एफ-2. पहिल्याच पानावर एकूण मेमरी लिहिलेली असते. पाहून झालं की काहीही न बदलता बाहेर पडावं.

विंडोजमध्ये सगळ्यात बोलकं पान टास्क मॅनेजरचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरीवर जावं. वर आलेख हलत असतो, पण आपलं काम आलेखाच्या खाली उजवीकडच्या चार-पाच बारीक ओळींशी आहे. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' या ओळीत दोनपैकी किती स्लॉट भरलेत ते असतं. चार-चारच्या दोन स्टिक आहेत असं सांगून विकलेल्या लॅपटॉपमध्ये इथे '1 ऑफ 2' आलं, तर दुसरी स्टिक यंत्राला दिसत नाही हे नक्की. त्याखाली 'फॉर्म फॅक्टर' असतो: काढता-घालता येणारी लॅपटॉपची स्टिक असेल तर 'एसओडीआयएमएम', आणि चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतील तर 'रो ऑफ चिप्स'. ही दुसरी अक्षरं दिसली तर ती रॅम कोणी काढून घेऊ शकत नाही आणि आपल्यालाही बदलता येत नाही. शेवटची ओळ 'हार्डवेअर रिझर्व्ड'. तिथे 100-150 एमबी असेल तर काळजीचं कारण नाही, 2 जीबीच्या आसपास असेल तर आठातले दोन इथे आहेत.

पुढे जाण्याआधी एक चुकीचं उत्तर बाजूला काढतो, कारण ते फार ऐकू येतं. हार्ड डिस्क किंवा एसएसडी 512 जीबीची घेतली तर विंडोज 476 दाखवतं, 1 टीबीची घेतली तर 931. तिथे कारण मोजण्याच्या पद्धतीतलं आहे. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज 1,07,37,41,824 बाइट धरतं. डिस्कमधून काही गेलेलं नसतं. हा खुलासा इतका पाठ झालाय की रॅम 8 ऐवजी 7.4 दिसली तरी तोच सांगितला जातो. हिशेबही जुळल्यासारखा वाटतो, कारण आठशे कोटीला त्या मोठ्या संख्येने भागलं तर 7.45 येतात. पण रॅमला तो लागू नाही. रॅमच्या चिप दोनाच्या पटीतच बनतात आणि 8 जीबीच्या स्टिकमध्ये पुरेपूर 8,58,99,34,592 बाइट असतात. रॅम 7.4 दिसत असेल तर बहुतेक वेळा अर्धा जीबी ग्राफिक्सकडे गेलेला असतो.

ग्राफिक्सचा वाटा हेच या सगळ्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गैरसमजाचं कारण आहे. महागड्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या चिपला स्वतःची वेगळी मेमरी असते. आपल्याकडे सर्रास खपणाऱ्या लॅपटॉपमध्ये ही चिप प्रोसेसरच्या पोटातच असते आणि तिला वेगळी मेमरी नसते, म्हणून ती मुख्य रॅममधला भाग घेते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायोस सुरुवातीलाच 512 एमबी, 1 जीबी किंवा 2 जीबी बाजूला काढून ग्राफिक्सच्या नावावर करतो. तो भाग विंडोजच्या हातात कधी येतच नाही, म्हणून तो युजेबलमधून वजा दिसतो. इंटेलची पद्धत जरा वेगळी आहे. तिथे आरंभी थोडीच मेमरी राखली जाते आणि पुढे लागेल तशी ग्राफिक्स चिप विंडोजकडून मागून घेते. त्यामुळे तशाच आठच्या लॅपटॉपवर 7.8 च्या आसपास आकडा दिसतो. नुसत्या युजेबलच्या आकड्यावरून इंटेलचा लॅपटॉप उदार आणि एएमडीचा चोर ठरवणं बरोबर नाही. एकाचा वाटा आधी कापला जातो, दुसऱ्याचा काम चालू असताना.

हा वाटा केवढा असावा याचा अंदाज यायला एक हिशेब पुरे. नेहमीचा पडदा 1920 बाय 1080 ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 4 बाइट धरले तर अख्ख्या पडद्याच्या चित्राला 82,94,400 बाइट लागतात, म्हणजे 8 एमबीसुद्धा नाहीत. मग दोन जीबी कशाला? ते खेळांसाठी, त्रिमितीय चित्रांसाठी, व्हिडिओ संपादनासाठी. ज्याच्या लॅपटॉपवर दिवसभर फॉर्म भरणं, टायपिंग आणि प्रिंट एवढंच चालतं त्याचे ते दोन जीबी बसून राहतात. काही बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर साइझ' अशा नावाची सेटिंग असते. तिथे 2 जीबीवरून 512 एमबी केलं की विंडोजला दीड जीबी परत मिळते, आणि सेवा केंद्राच्या कामात त्याचा फरक लगेच जाणवतो. मुलगा त्याच लॅपटॉपवर गेम खेळत असेल तर तो कुरकुर करेल, तेव्हा घरात विचारून बदलावं. पुष्कळ कंपन्या ही सेटिंग दाखवतच नाहीत. अशा वेळी बायोसची नवी आवृत्ती कंपनीच्या साइटवर आहे का ते बघावं. तीही नसेल तर उरतो तो रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक स्टिक टाकण्याचा मार्ग. दुसरी स्टिक पडली की रॅम वाढतेच, शिवाय दोन्ही स्टिकशी एकदम बोलता येत असल्याने ग्राफिक्सही वेगाने चालतं. फक्त 2025 च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली आहे की रॅमचे भाव जगभर चढले आहेत. सेटिंग बदलून भागत असेल तर आधी ते करून पाहावं.

3.25 किंवा 2.9 असे आकडे दिसणारे लॅपटॉप जुने असतात, आणि त्यांची गोष्ट थेट 1981 पर्यंत मागे जाते. त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसीमधल्या इंटेल 8088 प्रोसेसरला मेमरीचे पत्ते लिहायला 20 बिट होते, म्हणून एकूण 10,48,576 पत्ते, म्हणजे 1 एमबी. त्यातले 640 केबी प्रोग्रामांना आणि उरलेले 384 केबी पडदा, बायोस आणि इतर उपकरणांना, अशी वाटणी झाली. म्हणजे 'आहे त्याहून कमी वापरता येते' ही तक्रार पीसीइतकीच जुनी आहे. 1985 मध्ये 80386 आला, पत्ते 32 बिटांचे झाले आणि मर्यादा 4 जीबीवर गेली. तेव्हा ती अमर्याद वाटली असणार. पण उपकरणांना पत्ते द्यायची पद्धत तीच राहिली. ग्राफिक्स, वायफाय, यूएसबी यांनाही त्याच 4 जीबीच्या यादीत पत्ते लागतात, आणि जेवढे पत्ते त्यांच्याकडे जातात तेवढी रॅम बिनपत्त्याची राहते. म्हणून 32 बिट विंडोजवर 4 जीबी टाकली तरी तीन-सव्वातीनच हाताला लागते, आणि 8 टाकली तरी तेवढीच. नवी रॅम घेऊन हा आकडा कधीच हलणार नाही.

सेटिंगमध्ये 'सिस्टिम टाइप' या ओळीत 32 बिट की 64 बिट ते लिहिलेलं असतं. विंडोज 32 बिट पण प्रोसेसर 64 बिटचा, अशी जोडी दिसली तर 64 बिट विंडोज टाकावं. ते जुन्यावर चढवता येत नाही, नव्यानेच टाकावं लागतं, तेव्हा आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून तो उघडतोय याची खात्री करावी. जुना प्रिंटर किंवा जुनं डीटीपी सॉफ्टवेअर 64 बिटवर चालेल का हेही आधी विचारावं. मराठी टायपिंगची कामं करणाऱ्यांकडे 32 बिट विंडोज आजही टिकून आहे ते अशाच कारणांनी. 2021 साली आलेलं विंडोज 11 मात्र 64 बिटमध्येच मिळतं. 2006-07 च्या आसपासच्या, इंटेलच्या 945 मालिकेतल्या चिपसेटच्या लॅपटॉपवर तर 64 बिट विंडोज टाकूनही सव्वातीनच्या वर आकडा जात नाही, कारण तिथे मर्यादा मदरबोर्डाचीच आहे. त्यावर खर्च करू नये.

एक कारण माणसांनीच ओढवून घेतलेलं असतं. 'लॅपटॉपचा स्पीड वाढवा' अशा व्हिडिओंमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून बूटच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी'वर टिक करायला सांगतात. नावावरून वाटतं की यामुळे जास्तीत जास्त मेमरी मिळेल. प्रत्यक्षात ती विंडोजला घातलेली मर्यादा आहे: याहून जास्त वापरू नको. टिक काढावी, लॅपटॉप रीस्टार्ट करावा. आकडा परत आला तर काम झालं.

आता राहिली अख्खी स्टिक न दिसण्याची तक्रार, आणि ती लॅपटॉप उघडल्याशिवाय मिटत नाही. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप तालुक्याच्या गावांपर्यंत येतात, कोणीतरी त्यांत रॅम वाढवून देतं, मग ते मोटारसायकलच्या डिकीत, पाठीवरच्या सॅकमध्ये कच्च्या रस्त्यावरून हिंडतात. स्टिक अर्धवट बसलेली असेल तर महिनाभर नीट चालून एखाद्या दिवशी ती दिसेनाशी होते.

उघडण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, आणि मागचं झाकण निघालं की बॅटरीची पिन सोडवावी. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं, म्हणजे सर्किटमध्ये राहिलेली वीज निघून जाते. जतसारख्या कोरड्या हवेच्या भागात अंगावरच्या स्थिर विजेचा धोका जास्त असतो. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावताच झटका बसतो, ती हीच वीज. माणसाला झटका जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टच्या पुढे. चिप त्याहून पुष्कळ कमी व्होल्टवर, आपल्याला काही न कळता, जाऊ शकते. म्हणून चटईवर किंवा गादीवर बसून हे काम करू नये, आणि स्टिकला हात लावण्याआधी एखाद्या उघड्या लोखंडी वस्तूला हात लावून घ्यावा. रॅम हाताळताना ती कडांना धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट लागू द्यायचं नाही.

स्टिकच्या दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक पकडी असतात. त्या बाहेरच्या अंगाला हलकेच दाबल्या की स्टिक स्वतःच तिरकी वर येते. तिरकीच ओढून बाहेर काढावी. डीडीआर-4 च्या स्टिकला 260 सोनेरी पट्ट्या असतात, एकीपासून दुसरी अर्ध्या मिलिमीटरवर. एवढ्या दाटीत एखाद्या पट्टीवर घामाचा किंवा तेलकट धुळीचा थर बसला की संपर्क तुटतो. पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या एकाच दिशेने हलक्या हाताने पुसाव्यात, रबराचा चुरा लॅपटॉपपासून दूर झटकावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने एकदा पुसून कोरडं होऊ द्यावं. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नये, तोंडातला ओलावा आत जातो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढली तर पुरे.

बसवताना सगळ्यात जास्त चुका होतात. स्टिकच्या कडेला असलेली खाच स्लॉटमधल्या खुंटीसमोर आणायची. स्टिक तिरकी धरून आत सरकवायची, आणि सोनेरी पट्ट्यांची फक्त बारीक कड बाहेर दिसेपर्यंत नेटाने दाबायची. मगच ती खाली आडवी करायची. दोन्ही पकडींचा 'टक्' असा आवाज आला पाहिजे. बहुतेक जण आत पुरती न सरकवताच स्टिक खाली दाबतात. पकडी लागतात, सगळं ठीक दिसतं, पण एका अंगाच्या पट्ट्या टेकलेल्याच नसतात. खाच जुळत नसेल तर जोर करू नये. ती स्टिक दुसऱ्या पिढीची आहे. डीडीआर-3, 4 आणि 5 यांच्या खाचा मुद्दाम वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या आहेत.

तरीही एकच दिसत असेल तर दोष स्टिकचा की स्लॉटचा, हे अदलाबदल करून ठरवावं. दोन्ही स्टिक काढाव्यात. पहिली स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये एकटी टाकून लॅपटॉप सुरू करावा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. नंतर दुसरी स्टिक तशीच. एक स्टिक दोन्हीकडे चालते आणि दुसरी कुठेच चालत नाही, तर दुसरी स्टिक गेली. दोन्ही स्टिक एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात चालत नाहीत, तर स्लॉट किंवा त्याच्यामागचा मदरबोर्ड गेला. नवीन रॅम घ्यायचा निर्णय या चार फेऱ्यांच्या आधी होऊ नये. स्लॉटचा दोष असेल तर नवी रॅमही तशीच दिसेनाशी होणार आणि पैसे पाण्यात जाणार. अशा वेळी चालणाऱ्या स्लॉटमध्ये एकच मोठी स्टिक टाकून काम भागवता येतं.

कधी दोन्ही स्टिक चांगल्या असतात, पण लॅपटॉपशी त्यांचं जुळत नाही. स्टिकवरच्या लेबलवर सुरुवातीला 'पीसी3', 'पीसी3एल', 'पीसी4' असं काही लिहिलेलं असतं. 'पीसी3एल' म्हणजे 1.35 व्होल्टवर चालणारी डीडीआर-3. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना ही कमी व्होल्टची स्टिकच चालते, 1.5 व्होल्टची साधी 'पीसी3' टाकली तर यंत्र तिला मोजत नाही किंवा सुरूच होत नाही. त्याच पिढीला एका स्टिकमध्ये 8 जीबीच्या वर चालत नाही, म्हणून 16 ची डीडीआर-3एल स्टिक तिथे निकामी. रॅम मागवण्याआधी आतल्या स्टिकच्या लेबलचा फोटो दुकानदाराला पाठवला, तर सांगली-मिरजेची एक फेरी वाचते.

स्टिक दिसते पण अधूनमधून लॅपटॉप निळी स्क्रीन देऊन बंद पडतो, असं असेल तर विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी लावावी. शोधपट्टीत 'एमडीशेड' टाइप केलं की ती मिळते. 'मेमटेस्ट86 प्लस' हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवला तर तपासणी अधिक कडक होते. तिला काही तास लागतात, तेव्हा चार्जर लावून रात्रभर चालू ठेवावी. यात एकही चूक निघाली तरी ती स्टिक कामाची नाही. 8 जीबीच्या स्टिकमध्ये 6,871 कोटींहून जास्त बिट असतात. प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार धरणारा एक इवलासा कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी 1968 मध्ये पेटंट मिळवलेली हीच रचना आजही चालू आहे. तो भार आपोआप गळत असतो म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णता वाढली की गळती वाढते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दुपारी लॅपटॉप जास्त वेळा बंद पडत असेल, तर चाचणी दुपारीच लावावी.

सोल्डर केलेली रॅम बिघडली तर मात्र गल्लीतल्या दुकानात इलाज नसतो. चिप उतरवून नवी चढवायचं यंत्र आणि हात मोठ्या शहरांतच सापडतात आणि खर्च बहुधा त्या लॅपटॉपच्या उरलेल्या किमतीच्या वर जातो. सेकंडहँड लॅपटॉप घेताना म्हणूनच 'रो ऑफ चिप्स' ही ओळ आधी बघावी आणि एक तरी रिकामा स्लॉट असलेलं मॉडेल घ्यावं. बिलावर नुसतं '8 जीबी' लिहून घेऊ नये. स्लॉट किती, कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबीची आणि कोणत्या कंपनीची स्टिक, ग्राफिक्ससाठी किती राखीव, एवढं लिहून घ्यावं. लॅपटॉप दुरुस्तीला टाकताना टास्क मॅनेजरच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून दुकानदारालाही दाखवावा. चांगल्या दुकानदाराला याचा राग येत नाही, कारण उद्या संशय आलाच तर तोच फोटो त्याच्याही बाजूने बोलतो. आणि लॅपटॉप परत घेताना तेच पान दोघांनी मिळून एकदा उघडून पाहावं, पैसे त्यानंतर द्यावेत.